गवताची काळी रेघ

(आयर्लंडच्या पश्चिमेकडचं एक गाव, जूनमधली सकाळ. गॅव्हिन घराण्याच्या वरच्या कुरणात एक चौकोनी खड्डा खणलेला. खड्ड्यात उत्खनन करणारी सोरका; काठापासून जरा लांब, कुरणाचा मालक फेस्टी गॅव्हिन, वय बहात्तर.)

सोरका : अहो, जाऊ नका फेस्टी! दोनच मिनिटं. गाई कुठे पळून जात नाहीत.

फेस्टी : एक गाभण आहे. तिच्याकडे बघायचंय.

सोरका : तासाभरापूर्वीच बघून आलात. या खाली. शिडी घट्ट आहे. तुमच्या शेतात संत मुरिनची विहीर सापडलीय, तेराशे वर्षांपूर्वीची, आणि तुम्ही कुंपणापाशी उभे, परक्यासारखे!

फेस्टी : मला इथून दिसतंय.

सोरका : तिथून फक्त माझं डोकं दिसतं. बरं, काठावर तरी या. हां. ह्या तीन पायऱ्या. मधल्या पायरीला कशी वाटी पडलीय बघा. पावलांनी झिजलीय ती. आणि हा दगडी कठडा, खाली कुंड. अजून ओलं आहे. काल संध्याकाळी हात घातला तर पाणी हलत होतं. बुजवून टाकली, वर गवत उगवलं, गाई चरल्या, आणि खाली हिचं चालूच!

फेस्टी : झरा आहे तो. झरा कशाला थांबेल?

सोरका : तुम्हाला काहीच वाटत नाही का हो? आणि एक विचारायचंच राहिलं. तुम्ही आम्हाला खालच्या शेतात का पाठवलंत? नऊ दिवस खणलं आम्ही तिथे. एक गारगोटी सापडली नाही.

फेस्टी : वय झालं. विसरायला होतं.

सोरका : तुम्हाला तुमच्या सगळ्या गाईंच्या आज्यांची नावं पाठ आहेत.

फेस्टी : गाई रोज दिसतात.

सोरका : मे महिन्यात पाऊस नव्हता म्हणून बरं झालं. वरून फोटो काढला तर अख्खं कुरण पिवळं आणि इथेच एवढा हिरवा गोल. नाहीतर आम्ही हात हलवत परत गेलो असतो.

फेस्टी : जायचं होतं.

सोरका : काय म्हणालात?

फेस्टी : काही नाही. डेलिया येणार आहे का आज?

सोरका : येणार की. दुपारच्या आत येते म्हणाल्या. तीन आठवडे झाले, एक दिवस चुकल्या नाहीत. येतात, काठावर उभ्या राहतात आणि एकच विचारतात, "माझ्या भावाने विहिरीवरचा क्रूस फोडला का, तेवढं सांग." आज मी त्यांना उत्तर देणार आहे. त्याआधी तुम्हाला दाखवायचं होतं, जमीन तुमची म्हणून. गावात सगळे काय सांगतात? एकोणीसशे बहात्तर साली डेलियांचा भाऊ, जार्लथ मॅनियन, खणायचं मशीन घेऊन ओढा सरळ करायला आला आणि वळसा घालायच्या आळसाने विहीर बुजवून गेला. बरोबर?

फेस्टी : तसंच सांगतात.

सोरका : मग हे बघा. इकडे, खड्ड्याच्या भिंतीकडे. सगळ्यात वर आजचं गवत. त्याखाली हा दाबलेला, कडक थर, विटेसारखा. हे मशीनच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांचं वजन. मशीन इथून गेलं, यात शंका नाही. आता त्याच्याही खाली बघा. ही बारीक काळी रेघ दिसते?

फेस्टी : माती आहे.

सोरका : गवत आहे ते, कुजलेलं. मशीन आलं तेव्हा इथे गवत होतं फेस्टी! वीतभर तरी. म्हणजे विहीर त्याआधीच बंद झालेली होती. महिना, दीड महिना आधी. आणि रेघेखालचे हे दगड. मशीनने ढकलले असते तर वेडेवाकडे पडले असते, दाताचे ओरखडे असते. हे एकेक करून रचलेत. मोठे खाली, लहान वर, फटींमध्ये माती दाबलेली. बऱ्याच दगडांची एक बाजू हवेने पांढरी पडलीय, म्हणजे ते एखाद्या कुंपणाच्या भिंतीतून काढलेत. कोणीतरी हाताने, एकट्याने केलंय हे. तीन-चार दिवस लागले असतील.

फेस्टी : पाच.

सोरका : हो, पाचही लागले असतील. आणि सगळ्यांच्या तळाशी, कुंडाच्या तोंडावर झाकणासारखी एक शिळा. आम्ही ती काल उलटी केली. फेस्टी, तो मुरिनचा क्रूस आहे! तोंड खाली करून ठेवलेला. एक टवका उडालेला नाही. त्याखाली नवसाच्या पांढऱ्या गारगोट्या, शेकडो, आणि हे. थांबा, डब्यात आहे. हे काही जुनं नाही, पण मला टाकवेना. निळा पत्र्याचा पेला, लहान मुलाचा. नुसता फेकलेला नव्हता. शेवाळ भरून, उलटा करून नीट ठेवलेला. बुडाला खिळ्याने नाव कोरलंय. विनी. गावात विनी नावाची कोणी... फेस्टी? बसा. बसा इथे. पाणी देऊ?

फेस्टी : त्यातून नको.

सोरका : नाही, माझ्या बाटलीतलं देते. फेस्टी, तुम्ही आत्ता "पाच" म्हणालात.

फेस्टी : लिहू नको ते.

सोरका : काय?

फेस्टी : तुझ्या कागदावर. मशीनने बुजवली असं लिही. सगळ्यांना तेच ठाऊक आहे. कशाला ढवळायचं आता?

सोरका : तुम्ही बुजवलीत.

फेस्टी : विनी माझी धाकटी बहीण. नऊ वर्षांची होती. दे इकडे तो पेला. कान तुटलेला आहे ना? तिनेच पाडला होता.

सोरका : हो, तुटलाय.

फेस्टी : छाती भरली होती तिची. डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, आजच शहरात न्या, दवाखान्यात ठेवा. आई म्हणाली, आधी मुरिनच्या फेऱ्या. नऊ पहाटे, रोज नऊ फेऱ्या, अनवाणी, आणि फेरीगणिक एक घोट पाणी. ती स्वतः लहानपणी तशीच वाचली होती म्हणे. फेब्रुवारी महिना होता.

सोरका : वडील काही बोलले नाहीत?

फेस्टी : वडील आईपुढे बोलत नसत. घरात बोलण्याजोगा मी होतो. एकोणीस वर्षांचा, घोड्यासारखा. विनीला इथवर चालवत नव्हतं. मीच रोज खांद्यावर घेऊन यायचो. ती माझे कान धरून बसायची. घरी ट्रॅक्टर होता पोरी. मनात आणलं असतं तर एखाद्या पहाटे इकडे वळलोच नसतो, तसाच तिला घेऊन रस्त्याला लागलो असतो. दहा मैल होता दवाखाना. दहा मैल काय होते मला?

सोरका : तुम्ही लहान होतात.

फेस्टी : लहान ती होती. सहाव्या दिवशी मला म्हणाली, "फेस्टी, पाण्याने दात दुखतात." मी म्हटलं, "तीनच दिवस राहिले, राणी." आठव्या दिवशी गेली.

सोरका : मला माहीत नव्हतं. गावात कोणी...

फेस्टी : न्यूमोनियाने गेली, एवढंच गावाला ठाऊक. पुरल्यानंतरही आई इथे येत राहिली. पोर सुखरूप देवाकडे पोचली म्हणून ह्या पाण्याचे आभार मानायची. मला ते बघवेना. एप्रिलमध्ये आई मावशीकडे गेली पंधरा दिवस, वडील मेंढ्यांत गुंतलेले. मी घण घेऊन आलो, क्रूस फोडायला.

सोरका : पण फोडला नाहीत.

फेस्टी : हात उचलला आणि तसाच राहिला. खाली येईना. मग पालथा घातला. भिंत उपसली, दगड आणले, वर गवताचे तुकडे कापून बसवले. नखं काळी पडली होती सगळी. आईला वाटलं, मेंढवाड्याचं काम केलं. परतल्यावर तिचे गुडघे धरले होते, जूनपर्यंत ती इथवर चढलीच नाही.

सोरका : आणि मग जार्लथ आला.

फेस्टी : मे संपता संपता. दोन दिवसांचं काम. मशीन वरून फिरलं. जूनमध्ये मुरिनचा दिवस आला, लोक फेऱ्यांना आले, तर विहीर नाही आणि कुरणभर पट्ट्यांचे व्रण. कोणी विचारलंसुद्धा नाही. आई इथेच चिखलात बसली. म्हणाली, "मॅनियनच्या पोराने देवाच्या तोंडात माती घातली." मी मागे उभा होतो, तिची पिशवी धरून.

सोरका : आणि गप्प राहिलात.

फेस्टी : उद्या सांगू म्हटलं. मग म्हटलं रविवारी. एकदा आईला सांगायला तोंड उघडलं होतं. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "फेस्टी, आता तूच उरलास मला." कसं सांगणार होतो? ती गेल्यावर सांगायचं ठरवलं. ती गेली एकोणीसशे नव्वदमध्ये.

सोरका : त्यालाही पस्तीस वर्षं झाली, फेस्टी.

फेस्टी : मोजता येतं मला.

सोरका : ऐका. मी थर वाचते. माणसांचा न्याय करायला मला कोणी बोलावलेलं नाही. पण जे मातीत आहे ते मी कागदावर बदलणार नाही. तुमच्यासाठी नाही, कोणासाठीच नाही.

फेस्टी : डेलियाला कळेल मग.

सोरका : त्या आल्या की मी त्यांना क्रूस दाखवणार, पायऱ्या दाखवणार. मग त्या विचारतील. मी खोटं बोलणार नाही. पण तुमच्या आधीही बोलणार नाही. एवढंच करू शकते.

डेलिया : फेस्टी गॅव्हिन! फाटकाला दोरी बांधलीस की फास? सुटता सुटेना. शेवटी वरून चढून आले, शहात्तराव्या वर्षी! पाद्रीबाबांनी पाहिलं असतं तर रविवारी माझ्यावरच प्रवचन झालं असतं.

सोरका : या, डेलिया. सांभाळून. इकडे फळीवरून या.

डेलिया : घे पोरी, पाव आणलाय. मनुका घातल्यात, लोणी आत आहे. किती वाळलीस तू! तुमच्या विद्यापीठात जेवायला घालत नाहीत का? आणि हा असा का बसलाय ओलं मांजर होऊन? गाय गेली की काय?

फेस्टी : गाय ठीक आहे.

डेलिया : मग तोंड ठीक कर. सांग गं, सापडला का?

सोरका : सापडला.

डेलिया : थांब. जरा थांब. काठी धर माझी. हां, आता सांग. किती तुकडे?

सोरका : एकही नाही. अख्खा आहे, डेलिया. तिकडे त्या ताडपत्रीवर ठेवलाय. या, हात लावून बघा. आडवी रेघ, उभी रेघ, भोवती कडं. लागतंय बोटाला?

डेलिया : लागतंय. अगं मेरीमाते! लागतंय. लहानपणी ह्याच खाचेतून बोट फिरवायचो आम्ही दोघं. जार्लथचं बोट मोठं, अडकायचं. मला वाटायचं, ह्याचा चुरा केला त्याने. पन्नास वर्षं रोज माळ घेऊन बसले की आधी हेच यायचं डोळ्यांपुढे. लोखंडाचा दात आणि क्रूस.

सोरका : दात लागलाच नाही त्याला.

डेलिया : म्हणजे त्याने आधी उतरवून ठेवला! जपून ठेवला! बघ फेस्टी, बघितलंस? हूड होता, पण हात मऊ होता त्याचा. मशीनवरून खाली उतरला असेल, उचलला असेल. बुजवली ती बुजवली, पण देवाची भीती होती त्याला. मी उगाच... बरं झालं पोरी. तू मला मोठं दान दिलंस. आता मरायला हरकत नाही. पाव खा.

सोरका : फेस्टी...

डेलिया : त्याला कशाला हाक मारतेस? त्यालाही दे की तुकडा. बिचारा, तुमच्या खणाखणीने त्याचं कुरण गेलं. पण एक शब्द बोलला का बघ. आमच्यासाठी नेहमीच असा. गाव तोंड फिरवून जायचं तेव्हा ह्याने...

फेस्टी : डेलिया, नको बोलू.

डेलिया : का नको? लाजतोस काय म्हातारपणी?

फेस्टी : जार्लथने नाही बुजवली.

डेलिया : हे बघ, आता त्याला पांघरूण घालायची गरज नाही. क्रूस अख्खा आहे, मला तेवढं पुरे.

फेस्टी : मी बुजवली. त्याच्या आधी, एप्रिलमध्ये, हाताने. तो आला तेव्हा वर गवत होतं. ह्या पोरीला मातीत सगळं दिसलंय. विचार तिला.

डेलिया : ...सोरका?

सोरका : खरं आहे. ही काळी रेघ. मशीन तिच्या वरून गेलंय. तुमच्या भावाने विहिरीला हात लावलेला नाही. खाली विहीर आहे हेसुद्धा त्याला चाकाखाली कळलं नसेल.

डेलिया : काठी दे माझी.

फेस्टी : डेलिया, बस. पडशील.

डेलिया : हात लावू नकोस मला!

फेस्टी : नाही लावत.

डेलिया : त्याने सांगितलं होतं मला. मुरिनच्या दिवशी संध्याकाळी, स्वयंपाकघरात, बूट काढत होता. म्हणाला, "डेलिया, मी गेलो तेव्हा तिथे नुसतं कुरण होतं. विहीर मला दिसलीच नाही." मी काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, "अख्ख्या गावाने पट्टे पाहिलेत. निदान माझ्याशी तरी खोटं बोलू नकोस." त्यानंतर तो त्यावर एक शब्द बोलला नाही माझ्याशी. मला वाटलं, ओशाळला.

फेस्टी : तुझी काय चूक त्यात?

डेलिया : तू गप! मी त्याला पांढरा शर्ट इस्त्री करून दिला. म्हटलं, चर्चमध्ये उभा राहा, सगळ्यांपुढे माफी माग, लोक चार दिवसांत विसरतील. नको म्हणाला. मी रडले, आईची शपथ घातली. मग उभा राहिला तो. मिस्साची प्रार्थना संपल्यावर, टोपी चुरगळत. जे केलं नाही त्याची माफी मागितली माझ्या भावाने. तू होतास तिथे?

फेस्टी : होतो.

डेलिया : कुठे?

फेस्टी : तिसऱ्या बाकावर. आईशेजारी.

डेलिया : तो तुझ्या आईपुढे हात पुढे करून उभा राहिला.

फेस्टी : तिने पाठ फिरवली.

डेलिया : आणि तू?

फेस्टी : मी तिच्यासाठी दार उघडलं.

डेलिया : त्यानंतर कोणी काम दिलं नाही त्याला. साधी मोरी खणायला बोलावलं नाही. दुकानात गेला की बाया आपापल्या पिशव्या उचलायच्या. पुढच्या मार्चमध्ये गेला इंग्लंडला, हडर्सफील्डला. दुसऱ्याच्या मशीनवर मजूर म्हणून. आमची आई वारली तेव्हा मी त्याला कळवलंच नाही फेस्टी. पुरून झाल्यावर पत्र टाकलं. म्हटलं, आला तर लोक पुन्हा बोलतील, आईच्या खड्ड्यापाशी तमाशा नको. अठ्ठ्याण्णव साली तो तिकडेच वारला. बावीस माणसं होती चर्चमध्ये. मी मोजली.

फेस्टी : त्याला कळलं होतं.

डेलिया : काय कळलं होतं?

फेस्टी : मीच केलं ते. मशीन घेऊन आला त्या दिवशी त्याने कुंपण पाहिलं, अर्धी भिंत गायब. मला विचारलं, "दगड कुठे गेले रे?" मी म्हटलं, मेंढवाड्याला लावले. मेंढवाडा समोरच होता, पत्र्याचा. त्याने माझ्या नखांकडे पाहिलं आणि मशीन सुरू केलं. तेव्हा त्याला काही उमगलं नसेल. पण जूनमध्ये उमगलं असणार.

डेलिया : मग बोलला का नाही?

फेस्टी : मला नाही माहीत. जायच्या दिवशी बसथांब्यापाशी गाठ पडली. मी मुद्दाम गेलो होतो, सांगून टाकायचं म्हणून. बसची वेळ विचारत राहिलो. त्यानेच हात पुढे केला. म्हणाला, "आईला जप. तिला दुसरा धक्का सोसायचा नाही." आणि चढला.

डेलिया : विनीसाठी. विनीसाठी गप्प बसला तो. तिच्या शवपेटीचं एक टोक त्याच्याच खांद्यावर होतं.

फेस्टी : हो.

डेलिया : आणि तू त्याला जाऊ दिलंस.

फेस्टी : जाऊ दिलं.

डेलिया : आणि मग दर सप्टेंबरला माझ्या दारात जळणाचा ढीग. दलदलीतून जळाऊ मातीच्या विटा कापून, वाळवून, रचून. पैसे विचारले की खांदे उडवायचास. मी येईल त्याला सांगायची, गावात माणूस आहे तो एकटा फेस्टी. तुझ्या जळणाच्या उबेला बसून मी माझ्या भावावर रागावत होते, अरे! पन्नास हिवाळे!

फेस्टी : दुसरं काही सुचत नव्हतं मला.

डेलिया : खरं बोलणं सुचत नव्हतं?

फेस्टी : ते सुचायचं. रोज सुचायचं. डेलिया, मला माफ...

डेलिया : तो शब्द काढू नकोस. मी कोण लागून गेले माफ करणारी? गावाला खरं माहीत नव्हतं. मला त्याने तोंडावर सांगितलं होतं. एकट्या मला. आणि मी त्याच्या हातात शर्ट दिला.

सोरका : डेलिया, थोडं पाणी घ्या.

डेलिया : नको गं. तू कशाला रडतेस? तुझा काय संबंध?

सोरका : काही नाही. मी काल ही रेघ सापडली तेव्हा खुशीने ओरडले होते.

डेलिया : ओरड की. तुझं काम आहे ते. एवढ्या लोकांनी पाहिलं आणि एकाला दिसलं नाही. तुला दिसलं.

फेस्टी : मी रविवारी उभा राहीन. चर्चमध्ये, त्याच जागी. सगळं सांगेन. विनीचं, आईचं, दगडांचं.

डेलिया : राहायलाच लागेल. पण कोणापुढे राहणार तू? पिशव्या उचलणाऱ्या सगळ्या तिकडे टेकडीमागे झोपल्यात. राहिलेल्यांना जार्लथ मॅनियन कोण होता तेही ठाऊक नाही. ऐकतील, मान हलवतील, म्हणतील म्हातारा हळवा झालाय, आणि चहा प्यायला जातील.

फेस्टी : मग काय करू? तू सांग.

डेलिया : तुझ्याकडे फोन आहे ना गं पोरी? इंग्लंडला लागतो?

सोरका : लागतो. कुंपणाच्या त्या उंचवट्यावर रेंज येते. कोणाला करायचाय?

डेलिया : रोझलीनला. त्याची मुलगी. शिक्षिका आहे, आज शनिवार, घरी असेल. अंत्यविधीनंतर मला म्हणाली होती, "आत्या, गावाचं नाव काढलं की बाबा उठून का जायचे?" मी तिला काय सांगावं? म्हटलं, "त्याने तरुणपणी एक पाप केलं होतं बाळ, सोडून दे." मीच सांगितलं तिला. त्यानंतर ती कधी इकडे आली नाही. नाताळला कार्ड पाठवते. चल, चढव मला तिथे.

सोरका : हात धरा. हां. नंबर सांगा.

डेलिया : शून्य, शून्य, चार, चार... थांब, मी लावते. हे कुठे दाबायचं? हां. वाजतंय.

फेस्टी : डेलिया, मला जमणार नाही. शब्द नाहीत माझ्यापाशी. तू सांग, मी इथेच उभा राहतो.

डेलिया : एकदा मी त्याच्या वतीने शब्द ठरवून दिले होते. ते पुरे झालं. रोझलीन? हो गं, आत्या. नाही नाही, मी ठणठणीत आहे. कोणी गेलेलं नाही. तू बसलीयस ना? बस आधी. एक गृहस्थ आहेत, त्यांना तुझ्याशी बोलायचंय. बाबांबद्दल. नाही, मी नाही सांगणार. त्यांनीच सांगायला हवं. घे.

फेस्टी : सुरुवात कुठून करू?

डेलिया : तुझ्या नावापासून.

फेस्टी : ...रोझलीन? मी फेस्टी गॅव्हिन बोलतोय. तू मला ओळखत नाहीस, पोरी. तुझे वडील ओळखत होते.